उपऱ्यांची पांढरी : खामकाठच्या खडकीची पहिली वर्षे

मराठी मुलखात गाव वसते ते पांढरीवर. काळी कसायची, पांढरीवर राहायचे. या पांढरीवर ज्याचा पिढीजात हक्क तो मिरासदार. मागाहून आला, घर बांधून राहिला, पण ज्याला असा हक्क मिळाला नाही तो उपरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथापासून आपल्याकडे गावाचा जो विचार झाला, त्याच्या केंद्रस्थानी साहजिकच मिरासदार आहे. कुळे, वतने, बलुते, शिवेवरचे देव हे सारे त्याच्याभोवती फिरते. उपरी या चित्राच्या कडेला उभा असतो. शहरांचा इतिहास लिहितानाही आपण नकळत हाच साचा वापरतो आणि मूळचे कोण, नंतरचे कोण, हे आधी विचारतो. परंतु ज्या शहरात वसवणाऱ्यापासून शेवटच्या विणकरापर्यंत सारेच उपरी होते, त्या शहराचे काय करायचे? खाम नदीच्या काठी सतराव्या शतकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या खडकीचा, म्हणजे पुढच्या औरंगाबादचा आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, आरंभीचा इतिहास मला या प्रश्नाच्या अंगाने वाचावासा वाटतो.

खाम ही मोठी नदी नाही. शहराच्या उत्तरेला जटवाड्याच्या डोंगरात ती उगम पावते, हर्सूलवरून खाली उतरते, बेगमपुरा आणि पाणचक्कीच्या कडेने, मकाई दरवाजा व बारापुल्ला दरवाजा यांच्यापुढून वाहत छावणीकडे जाते आणि दक्षिणेला गोदावरीला मिळते. पावसाळ्यात तिला पूर येतात, उन्हाळ्यात पात्रात डबकी उरतात. तिच्या काठी पैठणसारखे तीर्थ उभे राहिले नाही. खडकी हे नावही त्या जागेचे यथार्थ वर्णन आहे. वर मुरुमाचा थर आणि खाली काळा कातळ, अशी ती भूमी. अशा ठिकाणी राजधानी वसवण्याचा विचार मिरासदाराच्या मनात आला नसता. तो आला मलिक अंबरच्या मनात.

मलिक अंबर हा या मुलखात आलेल्या उपऱ्यांपैकी सर्वांत दुरून आलेला. सोळाव्या शतकाच्या मध्यास हबशाण म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेले, चापू नावाचे हे पोर गुलाम म्हणून विकले गेले. तांबडा समुद्र ओलांडून ते बगदादला पोहोचले, तिथे मीर कासीम या मालकाकडे ‘अंबर’ झाले आणि पुढे दख्खनच्या बाजारात आले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, जो स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम, त्याने त्याला विकत घेतले. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला, शिपाईगिरी करू लागला, स्वतःचे पथक बाळगू लागला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा जवळजवळ संपलेली निजामशाही याच माणसाने दुसऱ्या मूर्तझाला गादीवर बसवून पुन्हा उभी केली. मग परांडा, औसा, जुन्नर असे मुक्काम करीत ही फिरती राजधानी १६१० मध्ये दौलताबादला आली. त्याच वर्षी तिथून चार-पाच कोसांवर, खामच्या काठी खडकीची वसाहत सुरू झाली.

दौलताबादसारखा अभेद्य किल्ला हाताशी असताना ही उघड्या मैदानावरची वस्ती कशासाठी, हा प्रश्न पुष्कळदा नुसता ‘दूरदृष्टी’ हा शब्द वापरून सोडवला जातो. माझ्या मते कारण अधिक साधे आहे. अंबरची ताकद किल्ल्यात नव्हती, घोड्यावर होती. मोगलांच्या जड फौजेला अंगावर न घेता तिची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे आणि पांगून जायचे, ही बारगिरी त्याने दख्खनभर चालवली आणि तिच्यासाठी मराठा पथके मोठ्या संख्येने उभी केली. हजारो घोडी, त्यांचे दाणावैरण, मोतद्दार, नालबंद, लोहार, जीनगर, बाजारबुणगे या साऱ्यांना किल्ला पुरत नाही. त्यांना मोकळी जमीन लागते, बाजार लागतो आणि पाणी लागते. खडकी ही प्रथमतः अशा सैन्याची पांढरी होती.

या पहिल्या वसाहतकऱ्यांची नोंद कुठल्याही यादीत पाहण्यापेक्षा जुन्या पुऱ्यांच्या नावांत पाहावी. अंबरच्या काळी मराठा सरदारांनी इथे घरे बांधली आणि त्यांच्या नावांनी मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही वस्ती ओळखली जाऊ लागली, असे गॅझेटिअरकारांपासून सांगितले जाते. यांतील मालपुऱ्याचा संबंध बहुधा शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांच्याशी जोडण्यात येतो. परंतु ही चार नावे सुटी न वाचता एकत्र वाचली, तर वेगळीच शक्यता दिसते. मालोजीराजांचे बंधू विठोजी यांना आठ पुत्र होते. ‘शिवभारता’त परमानंदाने त्यांची नावे संस्कृत वळणाने दिली आहेत, आणि त्यांत खेलोजी, मालोजी, परसोजी ही तीनही नावे येतात. विठा, खेल, माल, परस! म्हणजे बाप आणि तीन मुलगे. हे पुरे चार निरनिराळ्या सरदारांचे नसून वेरूळच्या भोसल्यांच्या एकाच शाखेचे असावेत, असा तर्क मला अधिक सयुक्तिक वाटतो. वेरूळ इथून जवळ. तिथे ते पाटील, म्हणजे पांढरीचे धनी. खामकाठी मात्र तेही उपरीच. हबशी वजीर आणि वेरूळचे पाटील एकाच कातळावर एकाच वेळी पाया खणत होते, ही गोष्ट ‘शहर कोणाचे’ या वादात फारशी कोणी काढत नाही.

यांपैकी खेलोजीची पुढची कथा जाता जाता सांगितली पाहिजे. निजामशाही, मोगल, आदिलशाही अशा चाकऱ्या करून तो अखेर वेरुळास येऊन राहिला, आणि तिथेच १६३९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने मारला गेला. औरंगजेब तेव्हा दख्खनचा तरुण सुभेदार होता. ज्याच्या नावाचा पुरा या शहराच्या पहिल्या वस्तीत होता त्याचा वध करणारा आणि पुढे शहराला स्वतःचे नाव देणारा माणूस एकच. इतिहासाला अशा गाठी मारण्याची हौस असते; तिच्यावर कादंबरी लिहिण्याचा मोह मात्र आवरावा.

शहर उभे राहिले आणि लगेच जळालेही. १६१६ च्या आरंभी जालन्याजवळ रोशनगाव येथे शाहनवाजखानाच्या मोगल फौजेने अंबरचा पराभव केला. त्याआधीच काही मराठा व दख्खनी सरदार मोगलांना जाऊन मिळाले होते. विजयी फौज खडकीत शिरली, तिने शहर जाळले, वाडे पाडले आणि ती परत फिरली. खडकीचे वय तेव्हा सहा वर्षे होते. मिरासदार जळालेल्या गावात परततो, कारण त्याची काळी तिथे असते, शिवेवर त्याचा देव असतो. उपऱ्याने का परतावे? त्याला दुसरा धनी मिळतो, दुसरा बाजार मिळतो. १६१६ नंतर खडकी हे नाव इतिहासाच्या तळटीपेत जाऊन बसले असते तर कोणाला आश्चर्य वाटले नसते.

या पार्श्वभूमीवर नहर-ए-अंबरीचा काळ पाहावा. ही नहर १६१७-१८ च्या सुमारास झाली, म्हणजे शहर जळल्यानंतर लगेच. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत तिचे वर्णन ‘स्थापत्याचा चमत्कार’ म्हणून येते. पंधरा महिने लागले, अडीच लाख रुपये खर्च आला, असेही सांगितले जाते. आकडे बाजूला ठेवू. महत्त्वाचा आहे तो क्रम. राख झालेल्या शहरात अंबरने आधी तट बांधला नाही. त्याने पाणी आणले. मला हा निर्णय त्याच्या कोणत्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो, कारण लोकांना परत येण्याचे कारण त्यात होते.

नहरीची रचना समजून घेतली तर खामशी तिचे नाते उलगडते. उत्तरेच्या डोंगरांवर पडलेले पाणी मुरुमातून खाली झिरपते, खालच्या कातळावर अडते आणि त्याच्या उतारावरून जमिनीच्या पोटातच सावकाश सरकत राहते. नदी वर आटली तरी हे झिरपणे बराच काळ चालू असते. हर्सूलच्या बाजूला खामच्या खोऱ्यातील हे पाणी जमिनीखाली बोगदा खणून गोळा केले गेले. बोगद्याला बेताचा उतार दिला, म्हणजे पाणी आपल्याच ओढीने शहराकडे येते. मोट, रहाट, बैल काही लागत नाही. पुण्याच्या कात्रज नळावर ज्यांना उच्छ्वास म्हणतात, तशी वर उघडणारी तोंडे ठरावीक अंतरावर ठेवली. त्यांतून हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. गायमुखापाशी पाणी उघड्यावर येई आणि तिथून खापरी नळांनी मशिदी, वाडे, बाजार यांच्या हौदांत वाटले जाई. म्हणजे हे शहर खामचेच पाणी पीत होते, पण पात्रातले नव्हे. डोळ्यांना दिसणाऱ्या नदीखाली वाहणारी दुसरी खाम त्याने पिण्यासाठी निवडली. त्याने काठ बदलला नाही, नदी खोदून घेतली.

ही विद्या अंबरने कुठून घेतली? बगदादमधल्या वास्तव्यामुळे त्याला इराणी कनातींची माहिती होती, असे उत्तर सहसा दिले जाते. ते आकर्षक आहे. पण इतक्या दूर जाण्याची गरज नाही. निजामशाहीच्या अहमदनगरात खापरी नळांनी पाणी आणण्याची पद्धत आधीपासून चांगली रुजलेली होती आणि अंबरचे उमेदीचे दिवस तिथे गेले. शिवाय याच सुमारास, १६१५ मध्ये, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानानने भूमिगत पाण्याची अशीच योजना करवली. ती आज कुंडी भंडारा म्हणून ओळखली जाते. खानखानान म्हणजे अंबरचा वर्षानुवर्षांचा प्रतिस्पर्धी. हिंदीच्या विद्यार्थ्यांना तो दोह्यांचा ‘रहीम’ म्हणून परिचित आहे. दख्खनच्या वेशीवर दोन शत्रू, दोन नद्यांच्या काठी, एकाच वेळी जमिनीत बोगदे खणत होते. तापीसारखी नदी दारात असतानाही बुऱ्हाणपूरला भूगर्भातले पाणी का लागले, याचा विचार केला म्हणजे दख्खनमधल्या नगरवसाहतीचे एक सूत्र हाती येते : नदी शहराला जागा देते, स्थैर्य मात्र झिरपा देतो.

१६२१ मध्ये शहाजहान तेव्हा शाहजादा खुर्रम म्हणून दख्खनवर आला आणि त्याच्या फौजेने खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली. अंबर निजामशहाला घेऊन दौलताबादच्या आश्रयाला गेला होता. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात या विध्वंसाची अभिमानाने नोंद केली आहे. वीस वर्षांत उभे राहिलेले शहर असे मोडले की आणखी वीस वर्षांतही ते पूर्ववत होणे कठीण, असा तिचा आशय आहे. वसाहत १६१० ची धरली तर हा हिशेब जुळत नाही. शहर अवघे अकरा वर्षांचे होते. बादशहाने विजय मोठा दिसावा म्हणून शहराचे वय वाढवले असावे. अनवधानाने त्याने खडकीला दिलेले हे प्रशस्तिपत्रच होय, कारण अकरा वर्षांत, तेही मध्ये एकदा जळून, जे उभे राहिले होते ते पाहणाऱ्याला वीस वर्षांचे वाटले. आणि त्याचे भाकीतही खोटे ठरले. घरे जळाली तरी जमिनीखालची नहर जळण्यासारखी नव्हती.

१६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव करून अंबरने आपली सर्वांत मोठी लढाई जिंकली. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. दोन वर्षांनी, १६२६ मध्ये अंबर वारला. खुलदाबादला त्याने हयातीतच बांधवून घेतलेल्या कबरीत तो आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने खडकीला फत्तेनगर केले. पण ते नाव फार काळ टिकले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले, १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि १६५३ मध्ये, आपल्या दुसऱ्या सुभेदारीत, औरंगजेबाने शहराचे नाव औरंगाबाद ठेवले.

इथून उपऱ्यांची दुसरी लाट सुरू होते, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी विविध आहे. मोगलांबरोबर आलेल्या राजपूत राजांनी नदीच्या पलीकडे आणि शहराच्या कडेने आपापले तळ वसवले. जयसिंगपुरा, जसवंतपुरा, पहाडसिंगपुरा, भावसिंगपुरा. अंबर, जोधपूर, ओरछा, बुंदी यांचा नकाशाच खामच्या काठी अंथरला गेला. (गंमत अशी की मिर्झाराजे जयसिंगाच्या गादीचे गावही ‘अंबर’च.) बिकानेरचा राजा करणसिंग १६६९ मध्ये इथेच वारला, त्याचा करणपुरा आणि पुत्र पदमसिंगाचा पदमपुरा शेजारी शेजारी आहेत. पुढे लोकांच्या जिभेवर करणपुऱ्याचा ‘कर्णपुरा’ झाला. नवरात्रात तिथल्या देवीच्या यात्रेला लोटणाऱ्या मराठी माणसाला तो महाभारतातल्या कर्णाचा वाटला तर त्यात नवल नाही. भाषा उपऱ्याला मिरास बहाल करते ती अशी, एका काना-मात्रेत.

ज्याच्या फारसी लेखनातून आपण हे शहर आतून पाहू शकतो तो भीमसेन सक्सेनाही बाहेरचाच. बुऱ्हाणपूरचा हा कायस्थ वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणी औरंगाबादेत आला. त्याच्या ‘तारीख-ए-दिलकुशा’त बादशाही वैभवापेक्षा छावणीतल्या माणसाची नजर आहे. १६६६ मध्ये आग्र्याला जाताना शिवाजी महाराज औरंगाबादेतून गेले, तेव्हा त्यांना पाहायला लोटलेली गर्दी आणि तिथल्या मोगल अधिकाऱ्याने स्वागताला स्वतः न जाता पुतण्याला पाठवल्यामुळे निर्माण झालेला पेच, हा प्रसंग त्याने नोंदवला आहे. पुढच्याच वर्षी, १६६७ च्या नोव्हेंबरात, दहा वर्षांचे संभाजीराजे मोगली मनसबदार म्हणून शाहजादा मुअज्जमला भेटायला याच शहरात आले. २०२३ मध्ये शहराला त्यांचे नाव अधिकृतपणे देण्यात आले तेव्हा झालेल्या उलटसुलट चर्चेत ही भेट क्वचितच कोणी आठवली.

शहराला तटबंदी मिळाली ती १६८२ च्या सुमारास, औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये आल्यावर. म्हणजे वसाहतीनंतर तब्बल सत्तर वर्षे हे शहर तटाविना आणि नहरीच्या आधारे जगले. ‘बावन्न पुरे, बावन्न दरवाजे’ ही म्हण त्यानंतरची. बावन्न हा आपल्या भाषेतला संकेताचा आकडा आहे. दरवाजे मोजत बसण्यात अर्थ नाही. पाण्याची व्यवस्था मात्र पुढेही वाढत राहिली. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरे आणि फकिरांसाठी पीठ दळी. बेगमपुऱ्यात थत्ते नहर आणि थत्ते हौद आहेत. हबशी वजीर, मध्य आशियातला सूफी आणि थत्ते : नुसती नहरींची नावे ओळीने म्हटली तरी या वसाहतीचा इतिहास पुरेसा सांगून होतो.

मराठीच्या वर्गात या शहराचा उल्लेख येतो तो सहसा विद्यापीठाच्या आणि दलित साहित्याच्या संदर्भात. सतराव्या-अठराव्या शतकांकडे आपण फिरकत नाही. इथे वाढलेला वली उर्दू गझलेच्या आरंभी उभा आहे. सिराज औरंगाबादी त्याच्या मागोमाग येतो. बिलग्रामहून आलेला आझाद बिलग्रामी इथे अरबी-फारसीत लिहीत होता. आणि त्याच काळात, त्याच गल्ल्यांत, वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याकडून आलेला अमृतराय आपले कटाव रचत होता. मध्वमुनीश्वरांचा हा शिष्य मराठीत रचना करी आणि हिंदुस्थानीतही. त्याच्या कटावांतील तो धावता नाद, अनुप्रासांची ती रेटारेट, कारकुनी आणि दरबारी शब्दांची सरमिसळ यांकडे आपले वाङ्मयेतिहास ‘शब्दचमत्कृती’ म्हणून जरा नाक मुरडूनच पाहतात. पण ज्या बाजारात एका हौदावर पाच बोलींची माणसे घागरी भरीत, तिथल्या कवीच्या कानाला जे ऐकू येई तेच त्याच्या पदांत उतरले, असे का म्हणू नये? अमृतरायाला पंडिती परंपरेच्या उताराशी बांधण्याऐवजी सिराजच्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून कोणी मन लावून केलेले नाही. एखाद्या पीएच. डी. करू पाहणाऱ्याने ते जरूर हाती घ्यावे.

राहिला मलिक अंबर. शहराची चार नावे झाली. त्यांतले एकही त्याचे नाही. त्याने ते स्वतः दिले नाही, मुलाने आपले दिले. त्याचे नाव दोन ठिकाणी टिकले. एक, मराठी दप्तरांत. त्याने घालून दिलेल्या जमीनमहसुलाच्या पद्धतीला ‘मलिकंबरी’ म्हणत राहिले. ज्याची स्वतःची वीतभर मिरास नव्हती त्याचे नाव मिरासदारांच्या धाऱ्याला चिकटले. दुसरे, नहरीला. १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पुरे झाले, गोदावरीचे पाणी उपसून डोंगर चढवून शहरात आणले गेले आणि नहरींची निगा हळूहळू सुटली. रस्त्यांच्या खोदाईत खापरी नळ फुटले, उच्छ्वासांवर इमले चढले, काहींत कचरा पडला. पुढे तर धरण भरलेले असतानाही कित्येक दिवसांआड नळाला पाणी, ही स्थिती शहराने वर्षानुवर्षे सोसली. हर्सूलच्या बाजूला झुडपांत दगडी बांधणीचे एखादे गोल तोंड अजून दिसते. पावसाळा सरल्यावर त्यात डोकावले, तर खाली अंधारात पाणी सरकत असल्याचा आवाज येतो.